भिंतीखालचं चेंबर

मोरीतून पाणी जायचं, ते एका सकाळी यायला लागलं.

ती तोंड धुवायला गेली तर भोकातून बुडबुडे निघत होते. काल भांडी घासताना आपल्याच हातून काहीतरी गेलं असेल, असं समजून तिने काडी घालून ढवळलं. तर आतून भसकन काळं पाणी वर आलं, तिच्या पावलांवरून घरात निघालं, आणि घरभर घाण वास सुटला. पण नाकाला पदर लावायच्या आधी ती धावली आणि पुढच्या खोलीचं दार लावून घेतलं.

पुढच्या खोलीत अळ्या होत्या. रेशमाच्या. बांबूच्या मांडणीवर तुतीचा पाला अंथरलेला आणि त्यावर बोटाएवढ्या झालेल्या, रात्रंदिवस खाणाऱ्या पांढऱ्या अळ्या. शेवटची कात टाकून उठल्या होत्या. आठवडाभर पोटभर खाल्लं की कोष बांधायला बसणार होत्या. तोवर त्यांना जावयापेक्षा जास्त जपावं लागे. धूर चालत नाही, तेलाचा हात चालत नाही, ओल चालत नाही, आणि घाण वास तर मुळीच चालत नाही. हिवाळ्यात पहिली बॅच अशीच हातची गेली होती. ही दुसरी.

नवरा-बायको आधी वीटभट्टीवर होते. डोक्यावरून विटा वाहून तिच्या टाळूवरचे केस गेले होते, आता कुठे तिथे लव फुटायला लागली होती. ही बॅच गेली तर पुन्हा भट्टी, हे दोघांनी एकमेकांना कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलायची गरजच नव्हती. नवरा तसाही कमी बोलायचा. लोक त्याला मुका म्हणायचे आणि त्यावरही तो काही बोलायचा नाही.

त्याने पाणी बघितलं, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि तांब्याने काळं पाणी बादलीत भरायला लागला. ती मदतीला वाकली तसा म्हणाला, "तू नको. तुझा हात अळ्यांना लागतो."

तिथेच वाटणी झाली. घाण त्याची, अळ्या तिच्या. बादली भरली की तो मागच्या दाराने बोळातून रस्त्याच्या गटारात ओतून यायचा. ती चुन्याच्या पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवायची, कोरडे करायची, मग पाला घालायला जायची. दुसऱ्या दिवशीच तिच्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलायला लागली.

घर मुळात एकच. मधोमध भिंत घालून त्याची दोन झालेली. पलीकडे थोरला भाऊ, पिठाची गिरणी चालवणारा. त्याच्याकडची जमीन वीतभर उंच होती, हिच्याकडची सखल. भिंत झाल्यापासून दोघा भावांचं बोलणं कामापुरतं उरलं होतं आणि काम सहसा निघत नव्हतं. आता निघालं.

नवरा पलीकडच्या दारात जाऊन उभा राहिला. "दादा, मोरी तुंबलीय."

"कुणाची?"

"आमची."

"मग काढ की. मला काय विचारतोस?"

"लाइन एकच आहे, दादा. तुझं पाणी माझ्याकडे येतंय."

"असं कसं येईल? तुंबलं असतं तर माझ्याकडेही तुंबलं असतं. ये, बघ." थोरल्याने त्याला आत बोलावलं आणि भरलेली बादली आपल्या मोरीत उपडी केली. पाणी खळखळत गेलं. "बघितलंस? थेंब राहिला नाही."

त्याच वेळी भिंतीपलीकडून तिची किंकाळी आली. मोरी नुकतीच पुसून काढलेली, आणि दिराची बादली जशीच्या तशी तिच्या पायांशी येऊन उभी राहिली होती.

"ऐकलंस?" धाकटा म्हणाला.

"ऐकलं. तिला सांग, ओरडू नको म्हणावं. बाळ झोपलंय."

बाळ खरंच होतं. थोरल्याची सून नुकतीच बाळंत झाली होती आणि तिची खाट भिंतीला लागूनच होती. कापडाच्या घड्या, गरम पाणी, दिवसातून चारदा धुणं, सगळं त्या घरात वाढलं होतं. आणि जे जे तिकडे वाढत होतं ते ते इकडे येत होतं.

तिसऱ्या दिवशी ती सरकारी कचेरीत गेली. धुतलेली साडी नेसली, हात चुन्यात घासले, केस बांधले. नवऱ्याला घाणीतून उठता येत नव्हतं आणि उठला असता तरी तिथे जाऊन तो बोलला नसता. खिडकीसमोर चार माणसं होती. ती उभी राहिली तशी पुढची बाई सरकली, मग तिच्या पुढचा म्हातारा वळून बघायला लागला. तिला वाटलं, जागा देतायत. खिडकीपाशी पोचली तेव्हा कारकुनाने खिशातून रुमाल काढला, नाकाला लावला आणि दुसऱ्या हाताने खूण केली. "तिथूनच बोला बाई. ऐकू येतं मला."

तेव्हा तिच्या लक्षात आलं. वास साडीला नव्हता, तिलाच होता, आणि तिच्या नाकाला तो कळेनासा झाला होता. कानापर्यंत तिचं तोंड तापलं. तरीही तिने सगळं सांगितलं, जरा मोठ्याने, कारण लांबून सांगायचं होतं. मागचे सगळे ऐकत होते.

"रस्त्याखालची मोठी लाइन आमची," कारकून म्हणाला. "ती आमच्या माणसाने बघितली, मोकळी आहे. घरापासून रस्त्यापर्यंतची लाइन घरमालकाची."

"आमची दोघांची आहे ती. दिरांची आणि आमची."

"मग सामाईक. दोघांनी मिळून साफ करायची."

"ते तयार नाहीत."

"समजवा त्यांना."

"समजत नाहीत."

"मग भांडा," कारकून म्हणाला. तो चिडून म्हणत नव्हता, इतकं साधं कसं सुचत नाही अशा सुरात सांगत होता. "घर तुमचं, भाऊ तुमचा, पाणी तुमचं. आम्ही मध्ये कुठे येतो?"

मागे कुणीतरी हसलं. ती परत निघाली ती रस्त्याच्या कडेकडेने, माणसांपासून लांब.

वाटेत तिने कामटीवाल्याला गाठला. हा म्हातारा बांबूच्या लांबलचक कामट्या एकीला एक बांधून तुंबलेली गटारं मोकळी करायचा. तो आला, रस्त्याकडच्या तोंडातून कामटी सारत गेला, सारत गेला आणि एका जागी अडला. जोर लावला, कामटी वाकली. "टणक आहे. चिंधीबिंधी नाही ही, दगडबिगड असणार." त्याने कामटी बाहेर ओढली, तिची ओली लांबी बोळातून जमिनीवर अंथरली आणि टोक कुठे येतं ते बघितलं. टोक बरोबर दोन घरांमधल्या भिंतीला येऊन टेकलं.

"भिंतीखाली काय आहे?" त्याने विचारलं.

नवरा-बायकोंनी एकमेकांकडे बघितलं. दोघांनाही एकदमच आठवलं.

भिंतीखाली चेंबर होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा घर एकच होतं. मागच्या पडवीत जमिनीला लागून एक चौकोनी झाकण होतं, त्यावर बसून ती भांडी घासायची. पुढे भावांचं बिनसलं. वाटणीला गावातली चार मोठी माणसं बसली. भांडी वाटली, खाटा वाटल्या, दारातलं झाडसुद्धा फांद्या मोजून वाटलं. अडलं ते चेंबरपाशी. थोरला म्हणाला, घाण माझ्या वाट्याला नको. धाकटा तेव्हा जरा बोलायचा, तो म्हणाला, मग माझ्या तरी का? दिवसभर खल झाला. शेवटी त्या चार शहाण्यांनी तोडगा काढला. चेंबर ना याचं ना त्याचं, रेघ त्याच्यावरूनच मारायची. मारली. गवंड्याने रेघेवर भिंत चढवली, झाकण भिंतीच्या पोटात गेलं आणि दोघे भाऊ खूश झाले. ती त्या वेळी काही बोलली नव्हती. नव्या सुनेला कोण विचारतं?

"उघडल्याशिवाय गत नाही," कामटीवाला म्हणाला. "खालून भिंत फोडावी लागेल. दोन हात पुरे."

धाकटा पुन्हा पलीकडे गेला. या वेळी तीही मागे जाऊन दाराशी उभी राहिली. थोरल्याने ऐकून घेतलं. मग खाटेकडे बोट केलं. सून अंगावर पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपली होती, बाळाचं डोकं तेवढं दिसत होतं.

"या भिंतीला पहार लावू? वरून माती पडली, भिंतच खचली, तर कुणाच्या अंगावर?"

"तिला चार दिवस पुढच्या खोलीत..."

"पुढे वारा आहे. तिच्या अंगात ताप आहे. महिना जाऊ दे, मग बघू."

"महिना?" ती दारातून बोलली. "दादा, आमच्या अळ्यांना कोष बांधायला चार-पाच दिवसच उरलेत."

थोरला तिच्याशी सरळ कधी बोलायचा नाही. आताही भावाकडेच बघून म्हणाला, "तिला सांग, माझ्या घरात माणसाचं पिल्लू आहे. तिच्याकडे किडे आहेत."

धाकटा वळला. खाली मान घालून बाहेर आला. तिला त्याचा राग आला, दिराचा आला, आणि सगळ्यात जास्त या गोष्टीचा आला की दीर म्हणत होता ते खोटं नव्हतं.

संध्याकाळी ती थोरल्या जावेकडे गेली. जाऊ मागच्या दारात दोरीवर बाळाची लंगोटी वाळत घालत होती.

"जाऊबाई, चार-पाच दिवस धुणं विहिरीवर न्याल का? आंघोळीचं पाणीही मागच्या वाफ्यात ओता. मी येते धुवायला, हवं तर."

जावेने तिच्या हातांकडे बघितलं. चुन्याने पांढरे, भेगाळलेले. "अगं आई," ती म्हणाली. "काय झालंय हे! नेते गं. तू काळजी करू नको."

आणि तिने खरंच नेलं. एक दिवस पाणी आलं नाही. मोरी कोरडी झाली. नवऱ्याने जमिनीवर चुना भुरभुरला, मागचं दार उघडं टाकलं, आणि पुढच्या खोलीत अळ्यांचं खाणं कान न लावता ऐकू यायला लागलं, कोरड्या पानावर सर पडावी तसं. त्या दिवशी ती दुपारी पाच मिनिटं आडवी झाली.

पण दुसऱ्या दिवशी जावेची कंबर धरली. विहीर काही जवळ नव्हती. सुनेने अंथरुणातून हाक मारली, बाळाने सगळं भिजवलं होतं, आणि जावेने, करणार काय बिचारी, दोन बादल्या मोरीत ओतल्या. मग तिसरी. एकदा ओतलं म्हटल्यावर मग कोण थांबतं?

धाकटा त्या वेळी तुतीच्या मळ्यात पाला तोडत होता. ती घरात एकटी होती. पाणी आलं ते फेस घेऊन आलं, मधल्या उंबऱ्याला लागलं, उंबरा चढलं आणि बंद दाराच्या फटीतून पुढच्या खोलीत शिरलं. तिने दार उघडलं. मांडणीच्या पायांना मुंग्या चढू नयेत म्हणून प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी ठेवलेली होती. एकेका वाटीत काळं पाणी मिसळत होतं. खालच्या थरातल्या अळ्या डोकी वर करून थांबल्या होत्या. खात नव्हत्या.

तिने तांब्या घेतला नाही. बादलीही घेतली नाही. ती अंगणात गेली, पोत्यात माती भरली आणि फरफटत आणली. मोरीच्या भोकात हात घातला, खांद्यापर्यंत, आणि पोत्याचं तोंड आत कोंबलं. पायाने दाबलं. वरून पाटा आणून ठेवला. पाणी यायचं थांबलं.

पाणी आता कुठे जाईल हे तिला पक्कं माहीत होतं. इकडचा संडास दोन पायऱ्या उंच. त्याच्याहून खालचं पहिलं तोंड थोरल्याच्या मोरीचं. मोरीच्या पलीकडे बाळंतिणीची खाट. तिने त्या बाळाला जेमतेम एकदा हातात घेतलं होतं, ते तिच्याकडे बघून शिंकलं होतं. तिला वाईट वाटलं. पण पाटा तिने काढला नाही.

पलीकडे चौथी बादली ओतल्याचा आवाज आला. मग काही नाही. मग जाऊ ओरडली, "अहो! अहो, इकडे या!" मग सून, आणि मग बाळ.

थोरला मागच्या दाराने आत आला तेव्हा त्याची पावलं घोट्यापर्यंत काळी होती. पिठाने पांढरा झालेला माणूस खालून काळा झाला होता. ती पाट्यावर बसली होती. हातांची घडी घालून, भिंतीला पाठ टेकून.

"काय केलंस?" आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याशी सरळ बोलला.

"बोळा घातला."

"काढ."

"नाही काढत."

"अगं, बाळाच्या खाटेखाली पाणी आलंय!"

"माझ्या मांडणीखाली आलंय. किती दिवस झाले, येतंय."

"काढतेस का नाही?"

"तुम्ही काढा. पण मला उचलून बाजूला करावं लागेल, दादा. मी आपण होऊन उठणार नाही."

थोरला उभा राहिला. धाकट्या भावाच्या बायकोला हात लावायचा कसा? त्याचे हात नुसते वर-खाली झाले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज हलला नव्हता. पलीकडे बाळ एका सुरात रडत होतं. थोरला वळला आणि निघून गेला.

थोड्या वेळाने भिंतीवर पलीकडून पहारीचा पहिला घाव बसला.

धाकटा पाल्याचा भारा घेऊन आला तोवर सून आणि बाळ समोरच्या घरी हलली होती, गवंडी आला होता आणि त्याने वरच्या विटांना लाकडी टेकू लावले होते. भारा दारात टाकून धाकट्याने टिकाव उचलला. एक भाऊ पलीकडून फोडायचा, दुसरा अलीकडून. सुरुवातीला कुणी बोलत नव्हतं. मग थोरल्याचा "हळू, हात आहे माझा" आला, मग धाकट्याचा "घमेलं दे". दोन हात भिंत गेली, झाकण दिसलं. पहार घालून तिघांनी ते उचललं.

आत, काळ्या पाण्याखाली, अर्ध्या-मुर्ध्या विटा होत्या आणि सिमेंटचे घट्ट गोळे. भिंत बांधताना वरून पडलेला माल, तसाच राहिलेला. त्यावर इतक्या वर्षांचे केस, चिंध्या आणि मळ बसत गेला होता. गवंडी वाकून बघून म्हणाला, "घ्या. तुमची भिंतच तुमच्या गटारात पडलीय."

थोरला आधी हसला. मग धाकटा हसला. गळ्यापर्यंत घाणीत बरबटलेले दोघे भाऊ फुटक्या भिंतीच्या दोन बाजूंना बसून हसत सुटले. शेवटचा गोळा निघाला, तिने पाट्यावरून उठून बोळा उपसला, खालून मोठा घोट घेतल्यासारखा आवाज झाला आणि सगळं पाणी दोन्ही घरांतून एकदम निघून गेलं. जावेने त्या भगदाडातून चहाचे कप पुढे केले. "घ्या, आधी हात धुवा," ती म्हणाली, आणि त्यावरही सगळे हसले.

ती हसायला थांबली नव्हती. बोळा टाकून तिने हात चुन्यात घातले. एकदा, दोनदा, तीनदा. भेगांतून रक्त आलं तरी घासले. पाल्याचा भारा सोडला, ओली पानं वेगळी केली आणि पुढच्या खोलीचं दार उघडलं.

आत काहीच ऐकू येत नव्हतं.

सकाळपासून त्यांना पाला पडला नव्हता, भुकेल्या असतील, म्हणून तिने घाईघाईने पानं पसरली. वरच्या थरातल्या काही अळ्यांनी डोकी हलवली. बाकीच्या हलल्या नाहीत. काठावरून डोकं खाली लोंबकळत पडल्या होत्या, अंग सैल, तोंडातून तपकिरी पाणी. तिने एक उचलली तर ती बोटांत मऊ लागली. तिला हे हिवाळ्यापासून ओळखीचं होतं. आज इतक्या, उद्या सगळ्या. वास बाहेर ठेवायला म्हणून ती इतके दिवस दार लावत होती, त्याने वाराही बाहेर राहिला होता. ओल होती. काळं पाणी होतं. की रोज चुन्यात घासूनही कुठेतरी घाण राहिलेला तिचा हात? कोण सांगणार? ती मांडणीला धरून उभी राहिली आणि तोंडात पदर कोंबून रडली, कारण शेजारच्या खोलीत नवरा हसत होता. लग्नानंतर इतकं मोठ्याने तो पहिल्यांदाच हसत होता.

त्याचा चहा होईपर्यंत ती बाहेर आली नाही. मग तोच दाराशी आला. म्हणाला, "दादा म्हणतो, पाल्याला उद्या तोही येईल मळ्यात." मग त्याने मांडणीकडे बघितलं. ताजी पानं जशीच्या तशी होती. त्याने एका थरावर कान नेला, मग दुसऱ्या. मग उंबऱ्यावरच खाली बसला.

पुढच्या दोन दिवसांत सगळ्या गेल्या. मागच्या वाफ्यात खड्डा खणून त्यांनी त्या पुरल्या, वर चुना घातला. खड्डा थोरल्याने खणून दिला. जावेने जेवण पाठवलं, दोन्ही वेळचं. इतकी वर्षं मागितली असती तर मिळाली नसती ती माया आता भगदाडातून सारखी येत होती आणि तिला एकही घास गोड लागत नव्हता. नवऱ्याने भट्टीच्या मुकादमाला निरोप धाडला. मुकादमाचं उत्तर आलं, जोडीला जागा आहे, लगेच या.

ती गाठोडं बांधत होती तेव्हा थोरला भगदाडापाशी आला. त्याच्या मागे गवंडी दोरी आणि ओळंबा घेऊन उभा होता, माल कालवून तयार होता. थोरल्याने घसा साफ केला. आता तो तिच्याशी सरळ बोलायचा.

"भिंत पुन्हा चेंबरवर नको म्हणतोय हा. हातभर सरकवायची म्हणतो. मी म्हटलं, आधी विचारून घेऊ. पुन्हा वाद नको." त्याने भगदाडातून खाली बघितलं. "चेंबर कुणाच्या बाजूला घ्यायचं? मला चालेल माझ्याकडे. खरंच चालेल."

तिने गाठोड्याची गाठ आवळली. रिकामी मांडणी भिंतीला टेकवून ठेवली होती, नवरा तिच्यावर चादर टाकत होता.

"कुठेही घ्या, दादा," ती म्हणाली. "आता त्यातून तुमच्या एकट्याचंच पाणी जाणार."

 थोरल्याने भावाकडे बघितलं, तर भाऊ चादरीची टोकं खोचत होता. गवंड्याने थोडा वेळ वाट बघितली. मग माल सुकायला लागला म्हणून त्याने दोरी आपल्याच अंदाजाने धरली आणि पहिली वीट लावली.